ज्या साली आम्ही गेलो नाही

दसरा जवळ आला की माझं पोट दुखायला लागतं. खरंच दुखतं. डॉक्टरांना दाखवून झालंय, त्यांना काही सापडत नाही. घट बसले की बारीक कळ सुरू होते, सोनं लुटायच्या दिवशी ती वाढते आणि गावातून शेवटची गाडी हलली की आपोआप थांबते. इतर ठिकाणी लोक दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून गावाच्या वेशीपर्यंत जाऊन येतात. आमच्याकडे ते मनापासून करतात. ट्रकमध्ये भांडी, ताडपत्री, शेळी आणि लेकरं घालून वेस ओलांडायची, ती गुढीपाडव्यापर्यंत परत यायचंच नाही.

यंदाही तसंच झालं. मी वडवणीच्या एका शाळेत शिकवते, गावाहून रोज एसटीनं जाते-येते. सकाळी आमची एसटी ऊसतोडीच्या गाडीमागे अडकली. गाडीच्या फाळक्यावर एक बाई पाठमोरी बसली होती, मांडीवर पोर, हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता. आणि त्या गाडीच्या वर, डोंगराच्या उतरणीवर, सोलरच्या प्लेटा उन्हात चमकत होत्या. पुस्तकात त्यांना पॅनेल म्हणतात, आमच्याकडे प्लेटाच म्हणतात. आता आमच्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे प्लेटा. विहिरीच्या कडेला खांबावर, शाळेच्या छपरावर, पंचायतीच्या गच्चीवर, आणि जिथं शेळ्यासुद्धा नाइलाजानं चरायच्या त्या माळांवर तर एकरच्या एकर. ज्या उन्हाला आमच्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याचा आता मान ठेवला जातो.

माझी मुलं ‘सौर ऊर्जेचे फायदे’ या विषयावर निबंध लिहितात. ऊन फुकट असतं, धूर होत नाही, आवाज होत नाही. आवाज होत नाही हे वाचलं की माझं लाल पेन क्षणभर थांबतं. भर दुपारी इन्व्हर्टरच्या त्या पांढऱ्या डब्याशेजारी कधी उभे राहिला आहात का रे, असं विचारावंसं वाटतं. पण मार्क कापत नाही. त्यांचं काय चुकलं? ती तिथं उभी नव्हती, मी होते.

मी दहावीला होते ते साल. त्या पावसाळ्याच्या तोंडावर गावामागच्या माळाला जाळीचं कुंपण पडलं आणि बघता बघता खडकावर निळ्या-काळ्या रांगा उभ्या राहिल्या. पाऊस त्या वर्षी बरा झाला आणि कधी नव्हे ते माळावर कमरेएवढं गवत आलं. गवताची सावली काचेवर पडायला लागली. सावली पडली की वीज कमी होते, हे गावाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सावली ही चांगली गोष्ट असते अशीच आमची समजूत होती.

गवत कोण कापणार? माळावरचा सुपरवायझर, परभणीकडचा एक पोरसवदा माणूस, पारावर येऊन विचारायला लागला. लोकांनी त्याला सांगितलं, कोयता लावा. त्याला वाटलं हत्यार. त्याला समजावून द्यावं लागलं की आमच्यात कोयता म्हणजे जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी लवकर विचारत नाही. सुपरवायझर म्हणाला, ठीक आहे, एक कोयता द्या.

ती जागा आम्हाला मिळाली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्या साली मुकादमाकडून उचल घेतली नव्हती, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेली मजुरी अंगावर नव्हती, म्हणून ते मोकळे होते. आणि उचल का घेतली नव्हती, तर माझ्यामुळे. त्याआधीची सगळी वर्षं मी त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जायचे, शाळा मधेच तुटायची आणि पाडव्यानंतर पुन्हा जोडायची. मागचं कसंबसं निभावलं होतं. दहावीला ते चालणार नव्हतं. मार्चात परीक्षा, आणि मार्चात आम्ही कुठल्या तरी कारखान्याच्या मागे पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. गुरुजींनी अण्णांना सरळ सांगितलं होतं, पोरीला नेलं तर तिची शाळा तिथंच संपली म्हणून समजा. आणि मला एकटीला मागं ठेवायला माय तयार नव्हती. पोरगी वयात आलेली, घरात म्हातारं माणूस नाही. म्हणजे सगळेच राहिलो तर मी राहणार, नाहीतर नाही. माझी दहावी त्या गवतावर उभी होती.

माझी माय मात्र शेवटपर्यंत गाफील राहिली नाही. दरवर्षीप्रमाणे तिनं घटांच्या आधी बोचकं बांधलं. जुन्या लुगड्यात तवा, दोन पातेली, ताटल्या, रॉकेलची चिमणी, ताडपत्रीचा तुकडा, मिठाची बरणी. गाठ मारून ते तिनं चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं.

“अगं, आपण जायलो न्हाई ना?” अण्णा म्हणाले.

“न्हाई तर न्हाई. कोपऱ्यात पडून ऱ्हाईल. काय खायला मागतंय का?”

आणि मग आम्ही आमच्याच घरात डब्यात, मिळेल त्या भांड्यात स्वयंपाक करायला लागलो, कारण बरी भांडी बोचक्यात होती. अण्णा हसायचे. मला हसू येत नव्हतं. ते बोचकं कोपऱ्यात आहे तोवर आपलं राहणं खरं नाही, असं मला वाटायचं.

गाड्या गेल्या आणि गाव रिकामं झालं. मी तसं गाव कधी पाहिलंच नव्हतं, कारण रिकामं होताना आम्हीही त्यातून जात असू. दारांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं, ज्यांना कुणी वाली उरला नाही अशी कुत्री. आमच्या शेजारी फक्त धाकट्या चुलत्यांचं घर उघडं होतं. चुलत्यांची कंबर त्या साली गेलती, म्हणून त्यांचाही कोयता घरीच होता. कौसाकाकू, माझी चुलती, दिवसभर दुसऱ्यांच्या रानात जाई आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसे. “सोलरवाली माणसं तुमी आता,” असं म्हणून ती मायला चिडवायची. माय म्हणायची, “थांब की, दिवाळी तर जाऊ दी.”

रविवारी मी माळावर भाकरी घेऊन जायचे. वॉचमन दार उघडायचा, आणि दर वेळी तेच सांगायचा, कशालाही हात लावायचा नाही. प्लेटांच्या खाली सावलीचे पट्टे पडलेले असत. वरून काच तापलेली, खालून खडक तापलेला, मधे माझी माय आणि अण्णा ओणवे होऊन रांग धरून निघालेले. दुपारच्या वेळी लोखंडी सांगाडा कुठंतरी कटकन वाजे. पांढऱ्या डब्यातून गुणगुण यायची, एका सुरातली, न थांबणारी. मोहोळाजवळून जाताना माणूस जसं पाऊल टाकतं तशी मी तिथून जायचे. मला सारखं वाटायचं की काहीतरी होणार आहे. काही होत नव्हतं, आणि न होण्याचीच जास्त भीती बसत चालली होती.

आता इथं उसाची एक गोष्ट सांगायला हवी. ऊस तोडताना कोयता जमिनीला टेकवून मारायचा असतो. साखर बुडख्यात असते. वर तोडला, खाली खुंट राहिला, की शेतमालक ओरडतो, कारखान्याचा माणूस ओरडतो, मुकादम तर आईबहिणीवरून बोलतो. लहानपणापासून मनगटाला तेच वळण. माझी माय फडात इतकी खाली मारायची की मागं चालणाऱ्याच्या पायाला खुंट लागायचा नाही, आणि याचा तिला अभिमान होता. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मावशी, वीतभर गवत राहू द्या, खाली केबल आहेत. तिनं राहू दिलं. कितीतरी दिवस राहू दिलं. संध्याकाळी घरी आली की म्हणायची, मागं वळून बघितलं की लाज वाटती, अर्धवट काम केल्यासारखं दिसतंय.

दिवाळी सरली त्याच्या नंतरचा रविवार. गवत पिवळं पडून वाळलं होतं. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा माय रांगेच्या टोकाला होती, माझ्याकडे पाठ. मला तिचं मनगट दिसलं. एक वार, दुसरा वार, आणि हात आपोआप खाली उतरत गेला. मी बघत होते आणि मला कळत होतं. हाक मारायला तोंड उघडलं.

चर्रर्र असा आवाज आला आणि गवतात निळा उजेड पेटला. आपल्या घरात बटणाजवळ ठिणगी उडते आणि विझते, तशी ती नव्हती. ती विझेना. सांगाड्याची एक पट्टी तुटून एक काळी केबल खाली गवतात लोंबत होती, तिचे दोन तुकडे झाले होते आणि दोन टोकांच्या मधे तो उजेड तडतडत उभा होता. मायच्या हातून कोयता पडला. वाळलं गवत पेटलं.

“लांब व्हा! लांब!” सुपरवायझर पांढऱ्या डब्याकडे पळत सुटला. घरातली वीज बटणानं बंद होते, दिवसा सूर्याला बंद करता येत नाही, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं. अण्णांनी मायला दंडाला धरून मागं ओढलं. डब्यातला खटका पडला, निळा उजेड गेला, पण आग रांगेत शिरली होती. अण्णा आणि वॉचमन गोणपाट घेऊन तिला बडवत राहिले. मी भाकरीचं फडकं तसंच छातीशी धरून उभी. आग विझली तेव्हा दोन प्लेटांची खालची बाजू काळी पडली होती आणि माळावर जळल्या गवताचा वास भरला होता. उसाचं पाचट पेटवल्यावर येतो तोच वास.

माय जमिनीवर बसली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरून बघत होती. हाताला काही झालं नव्हतं. कोयत्याच्या मुठीला अण्णांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती, घट्टे पडू नयेत म्हणून. त्या रबरानं तिला वाचवलं. पात्याला मात्र नखाएवढा खळगा पडला होता, लोखंड वितळून.

“मावशी, सांगितलं होतं ना तुम्हाला? कितीदा सांगितलं?” सुपरवायझरचा आवाज चिरकला होता. तोही घाबरला होता.

“हातानं केलं सायेब,” माय म्हणाली. “म्या न्हाई. वर सोडलं तर आमच्यात चोरी म्हन्त्यात.”

 बीडहून मोठे साहेब येतील, तोवर काम बंद, एवढंच त्यानं सांगितलं.

साहेब यायला दोन-तीन दिवस लागले, आणि ते दिवस मला त्या सगळ्या वर्षापेक्षा लांब वाटतात. अण्णा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. माय घरातलं काम इतक्या हळू करायची की भांड्याचा आवाज येऊ नये. मी पुस्तक उघडून बसायचे आणि डोळे कोपऱ्यातल्या बोचक्याकडे जायचे. त्यात भर म्हणजे मुकादम येऊन गेला. त्याची दुसरी गाडी तुळशीचं लग्न लागलं की निघणार होती आणि तिच्यात एक कोयता कमी पडत होता. गावात बातमी कुठं लपते?

“काय बे, बसला का करंट?” तो अण्णांना म्हणाला. “लोखंडाच्या रानात कशाला मरायचं? आपला ऊस बरा. चला, जागा हाय.”

अण्णा म्हणाले, बघू. त्या ‘बघू’नं माझ्या पोटात जी कळ उठली, ती मला आजही ओळखीची आहे.

मग साहेब आले. प्लेटा पाहिल्या, केबल पाहिली, कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की आजपासून कोयता कुंपणाच्या आत येणार नाही. पाठीला लावायचं कटर मशीन येईल, ते चालवायला शिकवलं जाईल. अण्णांचं काम राहील.

“आन् हिचं?” अण्णांनी विचारलं.

“मशीनला एकच माणूस लागतो.”

म्हणजे आम्हाला काढलं नाही. अर्धं ठेवलं. शहाण्यासुरत्या माणसाला त्यात काही वावगं दिसणार नाही, मलाही आज दिसत नाही. मशीन आलं, काम सुरक्षित झालं, एका माणसाची नोकरी टिकली. पण एका हातावर आमचं घर चालत नव्हतं.

त्या संध्याकाळी कौसाकाकू ओट्यावर आली तेव्हा माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “कौसे, तुझा अर्धा कोयता रिकामाच हाय न्हवं?”

काकूला आधी कळलं नाही. मग कळलं. “जाऊबाई, आपुन दोघी?”

“मंग? माझ्या संगीला हितं बाप हाय, तुझा नवरा हाय शेजारी. दोन घरांत दोन गडी हायत, पोरीला काय भ्याव?”

अण्णा ताडकन उठले. “येडी झाली का काय! गडी घरी अन् बाई फडावर? लोक थुंकतील माझ्या तोंडावर!”

“थुंकू द्या,” माय म्हणाली. “मशीन मला देत न्हाईत अन् तुमाला ते सोडता येत न्हाई. एकानं कुठंतरी ऱ्हायाला पायजे, पोरीपाशी. तुमी ऱ्हा.”

अण्णा मशीन सोडून स्वतः फडावर जाऊ शकले नसते का? ते म्हणालेही तसं. पण मशीन मायला कुणी देणार नव्हतं, आणि ते सोडलं तर पुढच्या वर्षी माळाचं दार आम्हाला बंद. हे सगळं तिनं त्या दोन-तीन दिवसांत, भांड्याचा आवाज न करता, मनात मांडून ठेवलं होतं.

मुकादमानं दोघींना बघून कपाळाला हात लावला. “दोन बायांचा कोयता? मोळ्या गाडीत कोन टाकील?”

“आजवर डोक्यावरून कोन न्हेत व्हतं मंग?” कौसाकाकूनं विचारलं. मुकादमाला कोयता कमी पडत होता, त्यानं वाद वाढवला नाही.

निघायच्या सकाळी मायनं बोचकं सोडलं. मला वाटलं आता ती तवा आमच्यासाठी ठेवील. तिनं तवा ठेवलाच, दोन ताटल्या ठेवल्या, मोठं पातेलं ठेवलं. मग उरलेलं पुन्हा बांधलं. बोचकं निम्मं झालं होतं. मुठीची ट्यूब तिनं दुसऱ्या कोयत्याला चढवली, खळगा पडलेला कोयता आढ्याला खोचला. मला जवळ घेतलं वगैरे नाही. “भाकरी जाड थापू नकू, बापाला पचत न्हाई,” असं म्हणाली आणि फाळक्यावर चढली. मला राग आला होता. प्लेटांचा, मशीनचा, अण्णांचा, आणि न रडता बसलेल्या तिचा तर सगळ्यात जास्त.

तो हिवाळा मला आवाजानं आठवतो. माळावरून अण्णांच्या मशीनची घरघर यायची, ती ऐकत मी भूगोल पाठ करायचे. घरघर थांबली की मी दारात येऊन उभी राहायचे, ती परत सुरू होईपर्यंत. अण्णा घरी आले की त्यांचे हात बराच वेळ थरथरत, मशीनमुळे, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात वाजायचा. ते मायचं नाव काढत नसत. बाजारातून येताना मात्र चुकून तिच्या आवडीची चिक्की घेऊन येत आणि मग ती मलाच खावी लागे. मुकादमाच्या फोनवर कधीमधी तिचा आवाज यायचा, मागं वारा आणि ट्रॅक्टर. ती विचारायची एकच, “अभ्यास कुठवर आला?” जणू तो फडासारखा एका बाजूनं तोडत आणायचा असतो. परीक्षा झाली. मी पास झाले, बऱ्यापैकी मार्कांनी. पाडव्याला ती आली तेव्हा तिच्या मानेवर मोळ्यांचा काळा पट्टा उमटला होता. तिनं मला विचारलं, पेपर सोपे होते का? मी म्हणाले, होते. तेवढंच.

त्यानंतर माझं शिक्षण त्या माळाच्या आधारानं होत गेलं. अण्णांचं काम टिकलं, पुढे प्लेटा धुवायचंही आलं, माय पुन्हा ऊस तोडायला गेली नाही. म्हणून मी प्लेटांना नावं ठेवत नाही. माझ्या वर्गातला पंखा छपरावरच्या प्लेटांवर फिरतो आणि एप्रिलात मी त्याचे उपकारच मानते.

परवा दसऱ्याच्या दिवशी शेजारची नवी सून सोनं द्यायला आली होती. तिचा नवरा गाडीत बसायचं म्हणत होता, तिला जायचं नव्हतं. मी तिला धीर द्यायला म्हणून सांगत होते, की राहिलं तर राहता येतं, आम्ही माझ्या दहावीच्या साली गेलोच नाही.

माय उंबऱ्यात बसून आपट्याची पानं वेचत होती. तिनं वर पाहिलं.

“तुमी न्हाई गेलते,” ती म्हणाली. “मी गेलते.”

रागानं नाही, नुसतं सांगितलं. इतकी वर्षं मी ती गोष्ट वर्गात, स्टाफरूममध्ये, स्वतःशीसुद्धा ‘आम्ही गेलो नाही’ अशी सांगत आले, आणि त्या ‘आम्ही’त ती नव्हती हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. पाहुणी गेल्यावर मला घरात बसवेना. कोपऱ्यात बोचकं होतं. दर घटांना ती ते नव्यानं बांधते, आम्ही हसतो आणि दुर्लक्ष करतो. मी ते पुढ्यात ओढलं आणि गाठ सोडायला लागले.

“माय, आता हे सोडू. बास झालं.”

“तुझी नोकरी पक्की झाली का?”

 मी तासिकेवर आहे. दर जूनमध्ये पुन्हा नेमतात, किंवा नाही नेमत. हे तिला माहीत आहे.

“अजून न्हाई,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातून लुगड्याची दोन्ही टोकं घेतली आणि गाठ परत आवळली.